खडूमास्तर आणि मधली पट्टी

पद्माकर सातपुते यांनी जन्मात कुणाला शिवी दिली नाही की कुणावर हात उगारला नाही. तरी इचलकरंजीतले निम्मे कारखानदार ते समोरून येताना दिसले की रस्ता ओलांडून पलीकडे जात. कारण साधं होतं. सातपुत्यांच्या खिशात खडू असे.

त्यांचं काम कापड तपासायचं. मागावरून उतरलेलं कोरं कापड तिरप्या टेबलावरून त्यांच्या डोळ्यांखालून सरकत जायचं, आणि जिथे धागा तुटलेला, जिथे दोन धागे चिकटून आलेले, जिथे तेलाचा डाग, तिथे त्यांचा निळा खडू एक वर्तुळ काढायचा. पुढे मेंडिंग खात्यातल्या बायका सुईने तो दोष भरून काढत. चाळीस वर्षं त्यांनी एवढंच केलं आणि ते फार चोख केलं. गावाने त्यांचं नाव खडूमास्तर ठेवलं. दुसरा कुणी असता तर चिडला असता, पण मास्तरांनी ते नाव मिरवलं.

आता कारखान्यात चुका शोधणारा माणूस घरी आल्यावर डोळे मिटून बसेल असं ज्याला वाटतं त्याने मास्तरांबरोबर एक दिवस काढून बघावा. त्यांच्या एकुलत्या एक मुलाचं, विनयचं, लग्न लागत होतं. मंगलाष्टकं चालू, अंतरपाट धरलेला, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. मास्तरांनी पुढे होऊन अंतरपाटाची कड दोन बोटांत धरली, चोळली, उलटी करून पाहिली आणि भटजींना म्हणाले, "यात दुहेरी तार आहे." भटजी सावधान म्हणायचे विसरले. पलीकडे उभ्या असलेल्या नवरीने, म्हणजे नीताने, सासऱ्यांचं पहिलं वाक्य ऐकलं ते हे.

पत्नी स्नेहलता गेल्यावर विनयने त्यांना आपल्याकडे जर्मनीत आणलं. विमानतळावर कस्टम्सच्या अधिकाऱ्याला त्यांच्या बॅगेत बनियनमध्ये गुंडाळलेली निळ्या खडूंची पेटी सापडली. हे काय, असं त्याने विचारलं. मास्तरांनी कारखान्यातल्या इंग्रजीत सांगितलं की हे चुकांवर खुणा करण्यासाठी. अधिकाऱ्याने मान हलवून पेटी अदबीने परत दिली. या देशात आपलं जमेल अशी मास्तरांची तिथेच खात्री झाली.

श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात तिसऱ्या मजल्यावर विनयचं घर होतं. विनय सॉफ्टवेअरमध्ये, नीताही सॉफ्टवेअरमध्ये, आणि नऊ वर्षांची स्पृहा मराठी सगळं समजून उत्तर मात्र जर्मनमध्ये देणारी. पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवायला म्हणून नीता सासऱ्यांना ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे तिथल्या नागरी कचेरीत, घेऊन गेली. तिथल्या बाई फॉर्म भरत होत्या. मास्तरांनी टेबलावरून वाकून त्यांच्या जाकिटाची बाही चिमटीत धरली आणि म्हणाले, "पॉलिएस्टर." बाईंनी बाही ओढून घेतली. नीताने जेवढं जर्मन येत होतं तेवढं सगळं माफी मागण्यात खर्च केलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "बाबा, एक नियम करूया. इथे माणसाच्या अंगावरच्या कपड्याला हात लावायचा नाही. श्ट्रासनबानच्या, म्हणजे ट्रामच्या, सीट चालतील, पडदे चालतील. माणसं नाहीत."

"मी कुठे माणसाला हात लावला? मी कापडाला लावला."

"आत माणूस होता, बाबा."

मास्तरांनी नियम पाळला. पण जित्याची खोड. ट्राममध्ये ते सीटवर बसण्याआधी तिची वीण तपासत, आणि मागची माणसं ताटकळत.

अशा माणसाला मित्र मिळणं अवघड, आणि परमुलखात तर त्याहून अवघड. विनय-नीता दिवसभर कामावर, स्पृहा शाळेत. मास्तर केअरवोखेची वाट पाहायचे. केअरवोखे म्हणजे इमारतीतल्या एकेका घराने आठवडाभर जिना झाडून पुसायचा, असा तिकडचा जुना रिवाज. पाळी आली की दाराला पाटी लटकते. बाकीच्या लोकांना ती पाटी बघून घाम फुटतो. मास्तरांना ती दिसली की तरतरी यायची, कारण त्या निमित्ताने चार माणसं जिन्यावर भेटत.

एका शनिवारी सकाळी ते असेच गुडघ्यावर बसून पायरी पुसत होते. वरच्या मजल्यावरचे क्वाबेना आसारे खाली उतरत आले. मूळचे घानाचे, तीस वर्षं श्टुटगार्टात, ट्राम चालवायचे. एरवी निळ्या गणवेशात दिसणारा हा धिप्पाड माणूस त्या दिवशी कुणाच्या तरी सत्तरीच्या समारंभाला निघाला होता, आणि त्याच्या अंगावर एकच एक भलं मोठं वस्त्र होतं. डाव्या खांद्यावरून घेतलेलं, उजवा खांदा उघडा. सोनेरी, हिरवा, लाल, काळा, असे चौकोन एकमेकांत गुंफलेले.

मास्तरांना नीताचा नियम आठवला. तो आठवेपर्यंत त्यांच्या बोटांनी काठ धरून उलटा केला होता.

वर दारात उभ्या असलेल्या नीताने डोळे मिटून घेतले.

क्वाबेना थांबले. मास्तरांकडे आणि त्यांच्या चिमटीकडे बघून म्हणाले, "तुम्ही उलटी बाजू बघितलीत."

"सॉरी, सॉरी," मास्तर पुटपुटले, पण काठ सुटला नाही.

"तीस वर्षं झाली. लोक फोटो काढतात, छान रंग आहेत म्हणतात. उलटी बाजू बघणारे तुम्ही पहिले. विणकर आहात?"

दोघंही इंग्रजीतच बोलत होते, एकाची इंग्रजी चर्चच्या शाळेतली, दुसऱ्याची कारखान्यातली. त्यातून जे निघालं ते दोघांनाही पुरलं. क्वाबेना समारंभाला चाळीस मिनिटं उशिरा पोचले.

मग दर शनिवारी चहा ठरला. ते कापड म्हणजे केंटे. क्वाबेनांचे वडील कुमासीजवळच्या एका गावात विणकर होते. केंटेचा माग अगदी अरुंद असतो, त्यावर वीतभरही रुंद नसलेली लांबच लांब पट्टी निघते. अशा दोन डझन पट्ट्या शेजारी शेजारी शिवल्या की पुरुषाचं एक वस्त्र होतं. चौकोन चौकोनाला नीट भिडावेत म्हणून विणतानाच हिशोब डोक्यात ठेवावा लागतो. मास्तरांनी हे ऐकलं आणि कप खाली ठेवला. चोवीस वेगवेगळ्या पट्ट्या, आणि नक्षी जुळते, तीही नुसत्या अंदाजाने.

"आणि प्रत्येक नक्षीला नाव असतं," क्वाबेना म्हणाले. "नावामागे म्हण असते. कुठलं कुठल्या प्रसंगाला नेसायचं ते ठरलेलं असतं. नेसणारा एक शब्द बोलत नाही, पण कापडावरून लोकांना कळतं त्याला काय म्हणायचंय. माझ्या वडिलांच्या या वस्त्राचं नाव अद्विनासा. म्हणजे माझं सगळं कसब संपलं. येत होती तेवढी नक्षी यात घातली, आता माझ्याकडे काही उरलं नाही."

मास्तर म्हणाले, "आमच्या कापडाला नंबर असतो. बावन्न बावन्न."

"त्याचा अर्थ?"

"बावन्न उभे, बावन्न आडवे."

क्वाबेनांनी तेही गंभीरपणे ऐकून घेतलं. एकमेकांच्या कापडाला न हसण्याएवढे ते दोघे कापडातले होते. बाजारात मिळणाऱ्या छापील केंटेबद्दल तर त्यांचं इतकं एकमत झालं की खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी छताला झाडूचा दांडा ठोकला. त्या दिवसापासून क्वाबेना त्यांना "मास्टर" म्हणू लागले. सबंध जर्मनीत मास्तरांना मास्तर म्हणणारा हा एकटा माणूस, आणि स्नेहलता गेल्यावर मास्तर शनिवारची वाट पाहायला लागले ते त्याच्यामुळे.

मे महिन्यात क्वाबेनांच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नाच्या आठवड्यातल्या बुधवारी ते घडी केलेलं अद्विनासा काखेत घेऊन जिना उतरत होते. मध्यावर दोन पट्ट्यांमधली शिवण वीतभर उसवली होती, शनिवारी लग्न, शिंप्याकडे टाकायला निघाले होते.

"द्या इकडे," मास्तर म्हणाले. "चाळीस वर्षं मेंडिंग खात्यात काढली आहेत."

हे खोटं नव्हतं. त्यांचं टेबल मेंडिंग खात्यातच होतं. पण त्या खात्यात सुया बायकांच्या हातात असत आणि मास्तरांच्या हातात खडू. चाळीस वर्षांत त्यांनी एक टाका घातला नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. क्वाबेनांनी विश्वासाने वस्त्र त्यांच्या हातात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, ख्रिस्ती सणाची सुट्टी. विनय, नीता आणि स्पृहा सायकली घेऊन बाहेर पडले. मास्तरांनी जेवणाचं टेबल तीनदा पुसलं, वर स्वच्छ चादर घातली आणि अद्विनासा उलगडलं.

सवयीने त्यांनी पहिल्या पट्टीपासून सुरुवात केली. दोष नाही. दुसरी, दोष नाही. पाचवी, सहावी, आठवी. बारा पट्ट्या झाल्या आणि खडू अजून खिशातच होता. असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. एकट्या घरात म्हातारा माणूस कापडाला हात जोडून उभा होता, आणि त्यात त्याला काही विचित्र वाटलं नाही.

मग तेरावी पट्टी आली.

तिची कड वाकडीतिकडी होती. वीण कुठे घट्ट, कुठे सैल. हिरव्याच्या आधी पिवळा यायचा तिथे उलटं. चौकोन दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा अर्धं बोट खाली घसरलेले. आणि चोविसांतली तेरावी म्हणजे ऐन मधोमध. तिच्या पलीकडच्या अकरा पट्ट्या पुन्हा निर्दोष.

मास्तरांनी खडू बाहेर काढला. एक, दोन, पाच, आठ, अकरा. अकरा निळी वर्तुळं. मग ते खुर्चीवर बसून विचार करू लागले, आणि हा विचारच त्यांना नडला. त्यांनी ठरवून टाकलं की मूळची पट्टी कधीतरी फाटली असणार, आणि कुणा अडाण्याने ही हलकी पट्टी तिथे घुसवली असणार. बिचाऱ्या आसारेंना कुणी सांगितलंही नसेल. शनिवारी दोनशे माणसांसमोर मुलीचा बाप म्हणून उभे राहतील, आणि छातीवर अकरा दोष. मित्र म्हणून आपलं काही कर्तव्य आहे की नाही? ही पट्टी काढायची, बारावीला चौदावी जोडायची. तेवीस काय आणि चोवीस काय, कोण मोजतंय.

ब्लेडने दोन्ही शिवणी उसवायला त्यांना पाऊण तास लागला. कापडाला कुठे ओरखडाही उठला नाही. मग त्यांनी नीताचा शिवणाचा डबा आणला, सुई घेतली आणि दोरा ओवायला लागले. दहा मिनिटं झाली तरी दोरा सुईत जाईना. विसाव्या मिनिटाला गेला, तेव्हा पुढे काय करतात हे आपल्याला माहीत नाही असं त्यांच्या लक्षात आलं.

त्याच वेळी दाराची बेल वाजली.

बाहेर क्वाबेना उभे होते. ट्रामच्या गणवेशात, हातात पिकल्या केळ्याच्या तळलेल्या कापांची बशी. "मास्टर, शिवणीबद्दल थँक यू म्हणून," असं म्हणत ते आत आले आणि टेबलापाशी थांबले.

टेबलावर त्यांच्या वडिलांचं वस्त्र तीन तुकड्यांत पडलं होतं. डावीकडे बारा पट्ट्या, उजवीकडे अकरा, आणि मध्ये एकटी तेरावी, निळ्या वर्तुळांनी भरलेली.

मास्तरांनी सगळं सांगितलं. उत्साहाने सुरू केलं, पण समोरच्या चेहऱ्याकडे बघता बघता आवाज बसत गेला. शेवटी ते म्हणाले, "अकरा दोष आहेत." एवढ्या गोंधळातही त्या आकड्यात जरासा अभिमान होता.

क्वाबेनांनी बशी ठेवली, चष्मा लावला आणि पट्टीवरून बोट फिरवत टोकापर्यंत गेले.

"बारा," ते म्हणाले. "एक तुमच्याकडून सुटला." त्यांनी टेबलावरचा खडू उचलून एक वर्तुळ काढलं. "इथे मी चुकीचा धागा घेतला. कुणाला कळू नये म्हणून वरून दोनदा ठोकून बसवला."

बारावा दोष कसा सुटला, हे बघायला मास्तर वाकले होते. ते तसेच राहिले. 'मी' हा शब्द त्यांना जरा उशिरा ऐकू आला.

"अकरा वर्षांचा होतो," क्वाबेना म्हणाले. "वडिलांच्या तेवीस पट्ट्या विणून झाल्या होत्या. म्हणाले, माझं कसब इथे संपलं, चोविसावी तू विण. मी विणली, आणि त्यांच्या पट्ट्यांशेजारी ठेवल्यावर रडलो. म्हटलं, ही कडेला लावा, घडीत दडून जाईल. त्यांनी बरोबर मधोमध लावली. म्हणाले, कडेला लावली तर कुणी बघणार नाही. मध्ये असली की लोक विचारतील, ही कोणी विणली? मला ते सांगायचंय."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, पण मारुतीसुद्धा बरा म्हणायचा, तो निदान एका तुकड्यात असतो.

क्वाबेनांनी आवाज चढवला नाही. घड्याळ पाहिलं, टोपी सारखी केली. "शनिवारी अकरा वाजता चर्चमध्ये मला हे अंगावर हवं, मिस्टर सातपुते," ते म्हणाले आणि ड्युटीवर गेले.

मिस्टर सातपुते. ते दोन शब्द मास्तरांना अकरा काय, शंभर वर्तुळांपेक्षा जास्त लागले.

दुपारी घरची मंडळी परतली तेव्हा ते केळ्याच्या थंड झालेल्या कापांसमोर बसून होते. एकही खाल्ला नव्हता. विनयने सगळं ऐकून घेतलं आणि फोन काढला. त्सुफेनहाउझेनमधले सगळे शिंपी आज सुट्टीमुळे बंद, उद्या सुट्टीला जोडून सुट्टी म्हणून बंद, परवा शनिवार म्हणून बंद. एकाच्या संकेतस्थळावर नुसतंच 'आम्ही इटलीत आहोत' असं लिहिलेलं होतं.

"आल्झो, तर मग," विनय म्हणाला, "उसवायच्या आधी फोटो काढला होतात का, बाबा?"

"नाही."

"बॅकअप न घेता प्रॉडक्शनमध्ये हात घातलात."

"विनय, आत्ता नको," नीता म्हणाली. तिने डबा ओढला आणि सुई ओवून टाकली, एका झटक्यात. "दोन शिवणी आहेत. एक मी घालते. दुसरी?"

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी चाळीस वर्षांचं गुपित सांगितलं, की त्यांना शिवता येत नाही. त्यांनी फक्त खुणा केल्या. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात उभी हयात गेली, आणि मुसळ असं ऐन सुट्टीच्या दिवशी बाहेर पडलं. नीताला हसू आलं. तिने ते स्पृहाच्या केसांत लपवलं.

"दुसरी मी घालतो," विनय म्हणाला. त्याने उभ्या आयुष्यात शर्टाचं बटणही लावलं नव्हतं.

पहिला प्रश्न असा की पट्टीचं वरचं टोक कुठलं? स्पृहाच्या टॅबमध्ये क्वाबेनांचा जिन्यातला एक फोटो होता, पण त्यात पट्टी नीट दिसत नव्हती. इथे मास्तर कामाला आले. जुन्या टाक्यांची बारीक भोकं त्यांना दिव्याखाली दिसत होती. हे भोक त्या भोकासमोर, हे यासमोर. त्यांनी पट्टी जागेवर सरकवली आणि चौकोन पुन्हा अर्धं बोट खाली घसरले.

"आजोबा, दास इस्ट डोख शीफ," स्पृहा म्हणाली. हे तर वाकडं आहे.

"वाकडंच पाहिजे," मास्तर म्हणाले. "केसभरसुद्धा सरळ व्हायला नको."

हे वाक्य पद्माकर सातपुते यांच्या तोंडून निघालं, याला तिघं साक्षीदार आहेत.

गुरुवारची दुपार गेली, शुक्रवारची सकाळ गेली. नीताची शिवण मुंगीच्या रांगेसारखी सरळ निघत होती. विनयची कुठे दाट, कुठे विरळ, मध्येच चढलेली, मध्येच उतरलेली. मास्तर समोर बसून कापड ताणून धरत होते. मधूनच त्यांचा हात खिशाकडे जाई, पण खडूची पेटी नीताने कपाटात कुलपात ठेवली होती.

"बाबा," विनय मान न उचलता म्हणाला, "आठवीत आम्हाला शाळेत चौकटीवर रुमाल विणायला लावला होता. आठवतंय?"

"नाही."

"मी तुम्हाला दाखवायला कारखान्यात घेऊन आलो होतो. तुम्ही टेबलावर पसरलात आणि सात वर्तुळं काढलीत."

मास्तरांना आठवलं. टेबल आठवलं, रुमाल आठवला, मुलाच्या हाफ पँटचा रंगसुद्धा आठवला. त्यांना तेव्हा वाटलं होतं की आपण त्याला शिकवतोय. मुलगा त्यानंतर धाग्याला शिवला नाही, गणित घेतलं, संगणक घेतला, देश सोडला, आणि मास्तर लोकांना सांगत राहिले की पोराला कापडाची आवड नाही.

"रुमाल चांगला होता," ते म्हणाले.

"सात वर्तुळं होती, बाबा."

"सात होती. पण चांगला होता. हे तेव्हा सांगायला हवं होतं."

सुई बोटात घुसली म्हणून विनयने बोट तोंडात घातलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं. नीता चहा करायला उठली.

संध्याकाळी शिवण पुरी झाली. मास्तरांनी मऊ ब्रशने एकेक निळं वर्तुळ झटकून काढलं, अकराच्या अकरा. बाराव्याशी थांबले. ते काही त्यांचं नव्हतं, म्हणून तेवढं ठेवलं. मग घडी घालून वस्त्र वर नेऊन दिलं. क्वाबेनांनी ते दारातच घेतलं, थँक यू म्हणाले. उघडून पाहिलं नाही. मास्तर पुन्हा खाली आले आणि न जेवता झोपले.

शनिवारी चर्चमध्ये मास्तरांनी इतकं कापड एका जागी पाहिलं की त्यांना भोवळ यायची बाकी राहिली. हिरवं, सोनेरी, जांभळं, पांढरं, नि प्रत्येकाला नाव, नि प्रत्येकाचं काहीतरी म्हणणं. नीता त्यांच्या कोपराला धरून उभी होती. प्रेमाने धरलं होतं, पण सोडत नव्हती.

क्वाबेना मुलीचा हात धरून आत आले. वस्त्र अखंड होतं. छातीवर तेरावी पट्टी अर्धं बोट घसरलेली होती आणि तिच्या खालच्या टोकाला एक पुसट निळं वर्तुळ होतं.

लग्नानंतर हॉलमध्ये जेवणाआधी क्वाबेनांची थोरली बहीण भावाजवळ आली. कुमासीहून खास आलेल्या, सत्तरीच्या, ठसठशीत बाई. त्यांनी भावाला आशीर्वाद दिला आणि बोलता बोलता त्याच्या अंगावरच्या वस्त्राची कड चिमटीत धरून उलटी केली. मास्तरांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. बाईंची बोटं सरकत सरकत मध्यावर आली आणि थांबली.

"पट्टी तुझी आहे, ते मला माहीत आहे," बाई भावाला इंग्रजीत म्हणाल्या, पाहुण्यांनाही कळावं म्हणून असेल. "पण ही शिवण? एका बाजूची सुरेख आहे. या बाजूची कोणी घातली?"

क्वाबेनांनी मास्तरांकडे पाहिलं. नीताची पकड घट्ट झाली. दिवा मंद होता म्हणता आलं असतं. मोतीबिंदू आहे म्हणता आलं असतं. शिंपी इटलीत होता हे तर खरंच होतं.

मास्तर एक पाऊल पुढे झाले.

"माझ्या मुलाने," ते म्हणाले. मग हॉलमधल्या आवाजात बाईंना नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, मोठ्याने म्हणाले, "ही माझ्या मुलाने घातली. हा इथे उभा आहे, विनय. त्याने पहिल्यांदाच सुई धरली."

बाईंनी विनयला वरून खाली पाहिलं, त्याच्या बोटावरची पट्टी पाहिली आणि मान डोलावली. क्वाबेना हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा हसले.

"मास्टर," ते म्हणाले, "जेवायला चला. भात संपायच्या आत."

सगळे टेबलांकडे निघाले. विनय वडिलांच्या शेजारून चालत होता. थोडं पुढे गेल्यावर तो हळूच म्हणाला, "बाबा, खरं सांगा. माझ्या शिवणीत किती निघाले?"

"मोजले नाहीत," मास्तर म्हणाले.

हे खोटं होतं. चौदा होते.